ठाण्याची रेमंड मिल: ब्लँकेटपासून सुटिंगपर्यंत, धाग्याच्या हिशोबाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोखरण रोड नंबर 1 वर जेकेग्रामच्या आवारात आता टॉवर उभे राहिलेत, तिथे पूर्वी रेमंडची लोकर मिल होती. बारा महिने घाम काढणाऱ्या ठाण्यात लोकरीची मिल आली कशी? तिथे काय बनायचं, कसं बनायचं, आणि ती बंद का झाली? शिवाय घरात जुन्या सुटिंगचा एक तुकडा आणि एक ब्लँकेट आहे, ते खरंच लोकरीचं आहे का आणि ते टिकवायचं कसं?

आधी तारखा सांगतो. 1925 मध्ये ठाण्याच्या खाडीजवळ ही मिल वाडिया मिल या नावाने सुरू झाली. पुढे ती ई. डी. ससून कंपनीकडे गेली आणि त्या कंपनीतल्या रेमंड आडनावाच्या संचालकांवरून तिचं नाव ‘द रेमंड वुलन मिल्स’ झालं. 1944 मध्ये लाला कैलासपत सिंघानिया यांनी ती घेतली. ते कानपूरच्या जे. के. घराण्यातले, म्हणून आवाराचं नाव जेकेग्राम. 1958 मध्ये मुंबईत बॅलार्ड इस्टेटला ‘किंग्ज कॉर्नर’ हे कंपनीचं पहिलं स्वतंत्र दुकान उघडलं. 1968 मध्ये ठाण्यात तयार कपड्यांचा कारखाना आला. 1979 मध्ये जळगाव, 1991 मध्ये छिंदवाडा आणि 2006 मध्ये वापी इथे नवे कारखाने झाले. 2009 मध्ये ठाण्याच्या मिलमधलं उत्पादन थांबलं.

पण एवढ्या तारखांनी मिल कळत नाही. लोकर मिलचा इतिहास कळून घ्यायचा तर तिथे कोणत्या जाडीची लोकर चालली हे पाहावं लागतं. मालक बदलले तसा इथला तंतू बारीक होत गेला, आणि तंतू बारीक झाला की यंत्रं, पाणी, कामगारांचं कौशल्य, गिऱ्हाईक सगळंच बदलतं.

जागेचं कारण समजायला सोपं आहे. कानपूरची लाल इमली (1876) आणि पंजाबातलं धारीवाल (1880) या जुन्या लोकर मिल थंडीच्या आणि लष्करी छावण्यांच्या मुलखात उभ्या राहिल्या. ठाण्याची जमेची बाजू म्हणजे जवळचं मुंबई बंदर. तलम कापडाची लोकर बोटीने येणार, यंत्रं आणि रंग बोटीने येणार, आणि बंदरापासून ठाण्यापर्यंत रेल्वे तर 1853 पासूनची. मुंबईत गिरणीकामात मुरलेले फिटर, जॉबर (म्हणजे कामगारांचे मुकादम), विणकर मिळत होते आणि ठाण्यात जमीन मोकळी होती. इथल्या हवेला लोकर लागत नाही हे खरं, पण लोकरीच्या सुताला इथली हवा मानवते. लोकरीचा धागा कोरड्या हवेत ताठरतो, त्यात स्थिर वीज साठते, तंतू एकमेकांना ढकलतात आणि धागा तुटतो. म्हणून सूत काढणाऱ्या खात्यात हवेची आर्द्रता 70 ते 80 टक्के ठेवावी लागते. कोरड्या प्रदेशात त्यासाठी फवारे सतत चालवावे लागतात, खाडीकाठी ते काम बरंचसं हवाच करते.

मग आपल्याच धनगरांची लोकर का नाही वापरली, असा प्रश्न इथे नेहमी येतो. उत्तर गणितात आहे. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्स्टेड धागा, म्हणजे सुटाच्या कापडाचा गुळगुळीत धागा, नीट कातायचा तर त्याच्या छेदात किमान 40 तंतू असावे लागतात. त्याहून कमी झाले की धागा कुठे जाड कुठे बारीक येतो आणि रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातण्याच्या यंत्रावर, पटापट तुटतो. दख्खनी मेंढीची लोकर साधारण 35 मायक्रॉनची धरली, तर असे 40 तंतू घेऊन एका ग्रॅममधून जेमतेम 19 मीटर धागा निघतो. ऑस्ट्रेलियन मेरिनो, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची तलम लोकर, 22 मायक्रॉनची असेल तर 47 मीटर, 18.75 मायक्रॉनची असेल तर सुमारे 65 मीटर, आणि 16.25 मायक्रॉनची असेल तर 87 मीटरच्या आसपास. विणकराने कितीही हात चालवला तरी 19 मीटरच्या धाग्यातून सुटाचं कापड होणार नाही.

दख्खनी लोकरीत आणखी एक अडचण असते: पोकळ गाभ्याचे, ठिसूळ, खडूसारखे पांढरे केस. ते रंग नीट धरत नाहीत, म्हणून गडद निळ्या कापडावर पांढऱ्या रेघा उमटतात. याचा अर्थ ती लोकर वाईट असा नाही. सोलापूर-नगरकडचं, चिंचोक्याची खळ दिलेलं घोंगडं पावसात पाठीवर घेतलं तर पाणी आत येऊ देत नाही, ते याच राठ केसामुळे. ते काम मेरिनोला जमणार नाही. प्रत्येक लोकरीचं काम वेगळं असतं, इतकंच.

1944 साली सिंघानियांनी मिल घेतली तेव्हा इथे मुख्यतः स्वस्त, जाडीभरडी ब्लँकेटं आणि थोडंफार कमी किमतीचं लोकरी कापड निघायचं. ब्लँकेटाची पद्धत ती ‘वुलन’. सुटाच्या कापडाची पद्धत ती ‘वर्स्टेड’. नावात ‘वुलन’ असलं तरी ही मिल पुढे प्रसिद्ध झाली ती वर्स्टेडसाठी. दोन्हीचा फरक नीट धरून ठेवा, कारण घरातला तुकडा ओळखताना हाच उपयोगी पडतो.

वुलन पद्धतीत आखूड-लांब सगळे तंतू एकत्र चालतात. धुतलेली लोकर, कोंबिंगमधून (तंतू विंचरण्याच्या कामातून) पडलेले आखूड तंतू, जुन्या लोकरी चिंध्या पिंजून काढलेला माल, सगळं मिसळून थोडं तेल शिंपडतात आणि कार्डिंग यंत्रांवर पिंजतात. शेवटच्या यंत्रावरची जाळी चामड्याच्या पट्ट्यांनी अरुंद फितींत कापली जाते, त्या फिती रगडून गोल करतात आणि थेट पीळ देतात. तंतू आडवेतिडवे राहतात, त्यांत हवा अडकते, म्हणून कापड फुगीर आणि ऊबदार होतं. साच्यावरून (मागावरून) उतरलेलं ब्लँकेट मात्र पाहवत नाही: विरळ, खरखरीत, तेलकट. ते धुऊन मिलिंगला जातं. मिलिंग म्हणजे साबणाच्या पाण्यात, ओलसर अवस्थेत कापड दाबत, घासत फिरवणं. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घासणं मिळालं की तंतू एकाच दिशेने सरकतात, परत येत नाहीत आणि गुंततात. रुंदी पाव ते एक तृतीयांश कमी होऊ शकते, म्हणून साच्यावर कापड तेवढं जास्त रुंद घ्यावं लागतं. मिलिंग कमी झालं तर ब्लँकेट झिरझिरीत राहतं, जास्त झालं तर फळीसारखं कडक होतं आणि पुन्हा उलगडत नाही. यंत्राजवळच्या माणसाने दर काही मिनिटांनी रुंदी मोजायची असते, दुसरा इलाज नाही. शेवटी तारांच्या रुळांवर केस उचलून लव काढतात.

वर्स्टेडची वाट लांब आहे. कच्च्या मेरिनो लोकरीत चरबी, घाम, माती आणि कुसळं असतात. 100 किलोतून साधारण 60 ते 70 किलो स्वच्छ लोकर हाती लागते. धुलाई चार-पाच हौदांतून होते आणि पहिल्या हौदांचं पाणी 50 ते 60 अंशांवर ठेवतात. लोकरीची चरबी 40 अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे पाणी थंड झालं की ती पुन्हा तंतूवर बसते आणि पुढे रंगाला चट्टे पडतात. लोकर हौदात ढवळायची नाही, फक्त पुढे सरकवायची. ढवळली की तिथेच नमदा होतो. सोडा जास्त पडला तर तंतू पिवळा आणि ठिसूळ होतो, कारण लोकर हे प्रथिन आहे आणि अल्कली प्रथिन खाते. पाणी मृदू लागतं. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून चिकट साका करतो आणि तो लोकरीवरून सहजी निघत नाही.

पुढे कार्डिंग, मग गिलबॉक्स या सुयांच्या यंत्रावर तंतू सरळ करणं, मग कोंबिंग. कोंबिंगमध्ये आखूड तंतू आणि गाठी वेगळ्या पडतात, लांब तंतू एकमेकांना समांतर होऊन त्यांचा जाड, मऊ पेळू तयार होतो. त्याला ‘टॉप्स’ म्हणतात आणि लोकरीचा मोठा व्यापार याच रूपात चालतो. इथे ओलाव्याचा हिशोब चुकला तर पैशात फटका बसतो. लोकर तिच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही. म्हणून व्यवहार प्रत्यक्ष वजनावर होत नाही, प्रमाण ओलाव्यावर होतो. बिनतेलाच्या टॉप्सना तो 18.25 टक्के धरतात. म्हणजे भट्टीत पूर्ण सुकवलेले 100 किलो टॉप्स बिलात 118.25 किलो. जुलैत ठाण्याच्या गोदामात ठेवलेला माल नुसत्या काट्यावर मोजला तर सूत निघताना ‘घट’ आली म्हणून खात्याखात्यांत भांडणं लागतात, आणि घट असते ती फक्त पाण्याची.

टॉप्स रंगवायचे तर आम्ल रंग लागतात. पाण्याचं तापमान मिनिटाला साधारण एक अंश असं सावकाश उकळीपर्यंत न्यायचं, मग पाऊण ते एक तास तिथेच. घाई केली की बाहेरचे थर रंग ओढून घेतात आणि आतला भाग फिका राहतो. काळा आणि नेव्ही पक्का करायला जुन्या काळी सर्रास क्रोम रंग वापरत, म्हणजे रंगानंतर डायक्रोमेट. रंग अतिशय टिकाऊ, पण सांडपाण्यात विषारी क्रोमियम जातं. शहर मिलच्या भिंतीला येऊन भिडलं की असली रंगखाती चालवणं अवघड होत जातं, आणि ते योग्यच आहे.

रंगानंतर पुन्हा कोंबिंग, मग गिलिंग, रोव्हिंग (पेळू बारीक करणं), रिंग फ्रेम. दोन धागे एकत्र पिळून दुपदरी करायचे आणि वाफेच्या बंद टाकीत ठेवून पीळ बसवायचा. वाफ कमी पडली की विणताना धागा स्वतःभोवती गुंडाळतो आणि कापडात बारीक फासे दिसतात. दुपदरी लोकरी ताण्याला सुती ताण्यासारखी खळ द्यावी लागत नाही, हा गिरणगावच्या सुती गिरण्यांपेक्षा मोठा फरक. साच्यावरून उतरलेला प्रत्येक ताका उजेडासमोर धरून तपासतात. गाठी मागच्या बाजूला काढतात आणि तुटलेला धागा सुईने, विणीचा नमुना मोजत, हाताने भरतात. या कामाला डोळे लागतात आणि वर्षांचा सराव लागतो. माझ्या मते वर्स्टेड मिलची खरी पत या खात्यात ठरते, कारण विणीतला दोष फिनिशिंगने झाकला जात नाही, उलट कापड गुळगुळीत झालं की तो जास्त दिसतो.

फिनिशिंगमध्ये आधी उकळत्या पाण्यातून ताणून नेऊन वीण बसवतात, मग धुतात, सुकवतात, वरची लव कातरतात आणि शेवटी सुती कापडात गुंडाळून वाफ देतात. सुटिंगचा तो मंद, कोरडा तुकतुकीतपणा शेवटच्या वाफेतून येतो.

यानंतरचं मोठं वळण मिश्रणाचं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस टेरिलीन (पॉलिएस्टरचंच एक नाव) आणि लोकर एकत्र केलेलं ‘टेरूल’ आलं. जगभर या मिश्रणाचं रूढ प्रमाण 55 भाग पॉलिएस्टर, 45 भाग लोकर असं राहिलं आहे. आपल्या हवेला हे फार सोयीचं ठरलं: कापड हलकं, इस्त्री टिकणारी, आणि आयात लोकर निम्म्याहून कमी. मात्र यात एक तांत्रिक पेच आहे. पॉलिएस्टरला रंग नीट धरायला 130 अंशांच्या आसपास दाबाखालचं पाणी लागतं आणि त्या तापमानाला लोकर खराब होते. म्हणून दोन्हींचे टॉप्स वेगवेगळे रंगवायचे आणि मग गिलबॉक्सवर एकत्र करायचे. दोन रंगांची छटा तंतोतंत जुळली नाही तर कापड दिवसा वेगळं आणि ट्यूबलाइटखाली वेगळं दिसतं. नमुना दोन्ही प्रकाशांत तपासल्याशिवाय पुढे सोडायचा नाही. पॉलिएस्टरचा दुसरा त्रास म्हणजे कापडावर येणाऱ्या बारीक गोळ्या. लोकरीवरच्या गोळ्या झडून जातात, पण पॉलिएस्टरचा तंतू चिवट असल्याने मिश्रणातल्या तिथेच चिकटून राहतात. कमी पीळ दिलेल्या धाग्यात हे जास्त होतं.

‘सुपर 100’, ‘सुपर 120’ हे आकडे काय सांगतात तेही इथेच सांगतो. ते फक्त तंतूची जाडी सांगतात. सुपर 100 म्हणजे जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन, सुपर 120 म्हणजे 17.75, सुपर 150 म्हणजे 16.25. आकडा दहाने वाढला की जाडी अर्ध्या मायक्रॉनने उतरते. आकडा मोठा म्हणजे कापड टिकाऊ असा समज चुकीचा आहे. बारीक तंतू लवकर झिजतो. रोज लोकलने प्रवास करणाऱ्याने सुपर 150 ची पँट शिवू नये. बसून बसून मांडीशी आणि मागे ती लवकर चकाकायला लागते.

आता बंद पडण्याबद्दल. गिरणगावच्या 1982 च्या संपात ही मिल बुडाली असं अनेकदा बोललं जातं. ती सुती गिरण्यांची गोष्ट आहे. ठाण्यातलं काम त्यानंतर पंचवीसेक वर्षं चालू राहिलं. लोकरी कापडाची मागणी संपली असंही नाही, कारण तेच कापड कंपनी इतर कारखान्यांत करतच होती. 1979 पासून नवी क्षमता बाहेर उभी राहत गेली. तिथे सुटसुटीत शेड, नवी यंत्रं, स्वस्त जमीन. ठाण्यात मात्र शहर वाढत आवाराला येऊन टेकलं. शहरात मोकळी जमीन किती बाळगावी यावर मर्यादा घालणारा 1976 चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्रात नोव्हेंबर 2007 मध्ये रद्द झाला आणि 2009 मध्ये उत्पादन थांबलं. 2019 पासून त्याच आवारात कंपनीची गृहसंकुलं विक्रीला आली. शंभराहून अधिक एकर जमीन ठाण्याच्या मधोमध असताना तिथे जुनी रिंग फ्रेम फिरवत ठेवण्याचा हिशोब कोणालाच जमला नसता, असं मला वाटतं. कामगारांच्या हातातलं कसब मात्र जमिनीच्या भावात मोजलं गेलं नाही, आणि ते दुसरीकडे उचलून नेताही आलं नाही. ताका भरणारा पन्नाशीचा माणूस जळगावला किंवा वापीला बिऱ्हाड हलवू शकत नाही.

तुमच्याकडच्या तुकड्याबद्दल. आधी काठ पाहा. सुटिंगच्या काठावर कंपनीचं नाव आणि बऱ्याचदा प्रमाण विणलेलं किंवा छापलेलं असतं. ते शिवणीत गेलं असेल तर आतल्या शिवणीतून चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. लोकर जळक्या केसांचा वास देते, ज्योत काढली की बहुधा विझते आणि मागे काळी, बोटांनी चुरडली जाणारी राख राहते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्रणात केसांचा वासही येतो आणि राखेत कडक खडेही लागतात. अधिक खात्री हवी तर शाळेच्या प्रयोगशाळेत 5 टक्के कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात धागे दहा मिनिटं ठेवून पाहता येतात. हे काम घरच्या स्वयंपाकघरात करू नका. लोकर पूर्ण विरघळते, पॉलिएस्टर बहुतांश तसंच राहतं. ब्लँकेट वुलन पद्धतीचं असेल तर वीण लवेखाली दडलेली दिसेल आणि एक धागा सोडवला तर तो सहज तुटेल. सुटिंगचा धागा दुपदरी, गुळगुळीत आणि चिवट निघेल.

धुताना कपड्यांची रोजची पावडर वापरू नका. तिच्यातला सोडा आणि डाग काढणारी विकरं दोन्ही लोकरीचं प्रथिन खातात. ब्लँकेट कोमट, 30 अंशांच्या आतल्या पाण्यात, लोकरीसाठीच्या सौम्य द्रवात दहा मिनिटं भिजवा. चोळू नका, पिळू नका. खळबळायचं पाणीही तेवढ्याच तापमानाचं घ्या. एकदम गार पाण्यात टाकलं आणि हलवलं तर आटतं. टॉवेलात गुंडाळून पाणी काढा आणि आडवं पसरून सावलीत वाळवा. दोरीवर टांगलं तर ओल्या वजनाने लांबतं. सूट ड्रायक्लीनच करा.

कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते ती मळलेल्या कापडाला आधी: काखेत, कॉलरला, जेवणाचे डाग पडले तिथे. अळी लोकर खाते, उडणारा पतंग काही खात नाही, म्हणून पतंग मारून काम होत नाही. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कापडाला टेकू न देता मलमलच्या पुरचुंडीत वरच्या बाजूला ठेवा. कडुनिंबाचा पाला किडीला थोडं लांब ठेवतो, आत शिरलेल्या अळीला मारत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कायम बंद ठेवलेल्या कापडाला बुरशी येते; धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि ऑक्टोबरच्या उन्हात तास-दोन तास फिरवून घ्या.

कसर लागलीच असेल तर कापड पूर्ण कोरडं करून जाड प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, साधारण एक दिवस, तशीच बंद राहू द्या. नाहीतर आपल्या दमट हवेतलं पाणी थंड लोकरीवर जमतं. मग ब्रशने अंडी आणि भुसा झटका, तोही घराबाहेर, आणि ज्या कपाटात ते होतं त्याच्या फटी व्हॅक्यूमने साफ करून मगच कापड परत आत ठेवा.